स्वतःच्या हाताने झालेली जखम आणि रुग्णसेवेतील वाणी

(सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त वलगाव येथे झालेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



सुवर्ण महोत्सवाच्या मंगल प्रसंगी दान, शिक्षण, मंदिराचा जीर्णोद्धार अशा विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. त्या मानाने आजचा विषय कित्येकांना अप्रिय, किंबहुना अमंगल वाटण्याचा संभव आहे. ज्याने स्वतःच्या हाताने स्वतःला इजा करून घेतली, परंतु जो वाचला, त्या रुग्णाला रुग्णालयात कशी वागणूक मिळते, हा तो विषय होय. पश्चिम विदर्भात राहणाऱ्या माणसाला तो टाळता येण्यासारखा नाही. अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्यांची शासकीय नोंद २००१ सालापासून ठेवली जात आहे. त्या आकड्यांवर विधिमंडळात वादळे उठली, २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग स्वतः विदर्भात येऊन गेले, मदतीच्या योजना जाहीर झाल्या. परंतु ही वही मृतांची आहे. जे वाचले ते या वहीत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार एका आत्महत्येमागे सुमारे वीस माणसे असा प्रयत्न करून वाचलेली असतात. पूर्वी झालेला असा प्रयत्न हाच पुढील धोक्याचा सर्वांत मोठा सूचक आहे, असेही ती संघटना सांगते. म्हणजे ज्याला वाचविण्याची सर्वाधिक गरज आहे तो माणूस कोठे आहे, हे शोधत फिरण्याचे कारण नाही. तो रुग्णालयाच्या खाटेवर निजलेला आहे. त्याच्या उशाशी कोण काय बोलते, एवढाच प्रश्न आहे.

वलगाव अमरावतीच्या अगदी जवळ. रात्री-बेरात्री एखाद्या घरात आकांत उठतो, मिळेल त्या वाहनात रुग्णाला घालून शहराकडे धाव घेतली जाते. अपघात विभागाच्या दाराशी पोहोचेपर्यंत नातेवाईक एकमेकांत ठरवून टाकतात, की डॉक्टरांना सांगायचे, चुकून औषध पोटात गेले, विळा लागला, काच घुसली. डॉक्टर जखम पाहतात आणि त्यांना एका दृष्टिक्षेपात खरे काय ते कळते. तेथून पुढे जे घडते ते सर्वत्र घडते असे नाही, आणि कोणत्याही एका रुग्णालयाचे नाव घेण्याचे कारणही नाही. परंतु ज्यांनी अशा रुग्णासोबत रात्र काढली आहे त्यांना ती वाक्ये पाठ असतात. ‘‘मराचं होतं तं घरीच मराचं होतं, इथं कायले आणलं?’’ ‘‘आता काहून रडून रायला?’’ ‘‘इथं जगासाठी धडपडनारे पेशंट बाहेर उभे हायेत, अन् तुमी पलंग अडवता.’’ बोलणारा डॉक्टरच असतो असे नाही. कधी सिस्टर, कधी स्ट्रेचर ओढणारे मामा, कधी फरशी पुसणाऱ्या मावशी. पुष्कळदा तर शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा नातेवाईकही त्यात आपली भर घालतो.

यातील अन्याय नेमका कोणता, हे समजून घेण्यासाठी २०१७ सालचे यवतमाळ आठवावे. त्या वर्षी पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. यवतमाळ जिल्ह्यात विसांहून अधिक माणसे दगावली. वॉर्ड भरून गेले. त्या रुग्णांविषयी सर्वांना कळवळा वाटला, आणि तो वाटणे उचितच होते. आता असा विचार करावा, की त्याच वॉर्डात दोन खाटा लागून आहेत. एकावर फवारणी करताना बाधा झालेला मजूर, दुसऱ्यावर तेच औषध स्वतः होऊन घेतलेला शेतकरी. दोघांच्या अंगात तेच विष, दोघांना शिरेतून तेच अट्रोपीन, दोघांच्या नाडीची तीच चिंता. अट्रोपीनचा अंमल वाढला की दोघेही सारखेच बरळतात, हातपाय झाडतात, घशाला कोरड पडते, कधी कधी हात पट्टीने खाटेला बांधावे लागतात. परंतु पहिल्याच्या नातेवाइकांना हे सर्व समजावून सांगितले जाते, आणि दुसऱ्याचे हात बांधताना ‘‘घे आता’’ असा एक शब्द अधिक बांधला जातो. औषधात भेद नाही, वाणीत आहे. विळ्याने गवत कापताना झालेली जखम आणि त्याच विळ्याने स्वतः केलेली जखम यांत कातडीला काही अंतर कळत नाही. दोन्ही सारख्याच ठणकतात.

ठणकण्याची गोष्ट निघाली म्हणून टाक्यांविषयी सांगणे प्राप्त आहे. जखम शिवण्यापूर्वी ती जागा बधिर करावी, हा शल्यकर्माचा प्राथमिक नियम. परंतु स्वतः जखम करून घेतलेल्या रुग्णाच्या बाबतीत, ‘‘कापताना दुखले नाही, मग टाके घालताना काय दुखणार?’’ असा युक्तिवाद ऐकू येतो. हा केवळ आपल्याकडचा दोष आहे असे मानू नये. इंग्लंडमध्ये वैद्यकीय उपचारांचे निकष ठरविणारी ‘नाइस’ ही राष्ट्रीय संस्था आहे. तिने २००४ साली अशा रुग्णांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. इतर कोणत्याही रुग्णाप्रमाणेच यांनाही आदराने, काळजीने व खासगीपणा राखून वागवावे, आणि टाके घालताना पुरेशी बधिरता किंवा वेदनाशामक द्यावे, असे त्यांत स्पष्ट नमूद करावे लागले. २०२२ साली ही तत्त्वे नव्याने सुधारून काढण्यात आली. जे मुळात सांगण्याचीही गरज पडू नये ते एका प्रगत देशाला छापून सांगावे लागले, यावरून रोग किती जुना आणि किती दूरवर पसरलेला आहे ते ध्यानी यावे.

येथे तरुण मुला-मुलींविषयी दोन शब्द. हातावर ब्लेडने ओरखडे काढणाऱ्या शाळा-महाविद्यालयातील मुलीला, क्वचित मुलालाही, रुग्णालयात हमखास ‘नाटक’ हा शब्द ऐकावा लागतो. मनोविकारतज्ज्ञ असे सांगतात, की यांपैकी अनेकांना त्या क्षणी मरायचे नसते. मनातील असह्य कळ सोसण्याचा तो त्यांना सापडलेला चुकीचा मार्ग असतो. परंतु मरायचे नव्हते म्हणून धोका नव्हता असे मात्र नाही. स्वतःला इजा करणाऱ्यांत पुढे जीव गमावण्याची शक्यता इतरांहून पुष्कळ अधिक असते, हे जगभर सिद्ध झालेले आहे. नाटकच करायचे असते तर वैशाखाच्या उन्हात, अमरावतीचा पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, त्या मुलीने पूर्ण बाह्यांचा कुर्ता कशाला घातला असता? प्रेक्षकांपासून लपविण्यात येते असे नाटक कोठे पाहण्यात नाही. ‘नाटक’ हा शब्द ऐकून गेलेली मुलगी पुढच्या वेळी जखम घेऊन दवाखान्यात येत नाही, एवढेच त्यातून साधते.

रुग्णालयातील सेवकवर्गाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा या व्याख्यानाचा हेतू नाही. त्यांची बाजू ऐकल्यावाचून निवाडा करणे अन्यायाचे होईल. रात्रपाळीला एका सिस्टरच्या वाट्याला अख्खा वॉर्ड येतो. डॉक्टर म्हणून समोर उभा असलेला मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा, कित्येक तासांचा जागा. मनोविकारशास्त्राला त्याच्या अभ्यासक्रमात फार थोडा वेळ मिळालेला. प्रकरण पोलिसांत जाणारे, म्हणून कागदांची रास. रुग्ण दगावला तर संतप्त नातेवाइकांची भीती. शिवाय एक गोष्ट सहसा बोलली जात नाही: आठवड्यामागून आठवडे कोवळी माणसे डोळ्यांसमोर जाताना पाहणाऱ्याच्या मनावर घट्टे पडतात. वरून राग दिसतो, पण आत पुष्कळदा असहायता असते. ज्याला वाचविण्यासाठी रात्र जागावी त्यानेच जीव टाकून द्यायला निघावे, याचे त्या सेवकाला खरोखर दुःख होत असते. ते दुःख शिवीच्या रूपाने बाहेर पडते. हे समजून घेता येते. मात्र त्याची किंमत रुग्णाने भरावी, हा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही.

या कठोरपणाचे एक मूळ कायद्यातही होते. इंग्रजी अमदानीतील भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंतच्या कारावासाची शिक्षा सांगत असे. त्यामुळे खाटेवरचा रुग्ण हा एकाच वेळी गुन्हेगारही ठरे, आणि गुन्हेगाराशी मृदू बोलण्याची कोणाला सवय असणार? या कलमावर पहिला मोठा आघात महाराष्ट्रातच झाला. मुंबईच्या पोलीस दलातील एका शिपायाचे रस्त्यावरील अपघातानंतर मानसिक संतुलन बिघडले होते. त्याने महापालिकेच्या कार्यालयापाशी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्यावर खटला झाला. न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात हे कलमच घटनाबाह्य ठरविले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तोच मार्ग धरला आणि अशा माणसाला तुरुंगाधिकाऱ्याच्या कठोरपणाची नव्हे, तर मृदू शब्दांची व समुपदेशनाची गरज असते असा अभिप्राय दिला. पुढे १९९६ साली घटनापीठाने तो निर्णय फिरविला आणि कलम पुन्हा जिवंत झाले. अखेर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून अमलात आला. त्याच्या कलम ११५ नुसार, अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरावयाचे, तिला शिक्षा करावयाची नाही. उलट तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरलेच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला असा प्रयत्न तेवढा वेगळ्या कलमाखाली राहिला आहे. पोलिसांना कळविण्याची रुग्णालयांची रीत चालू आहे, पण त्याचा अर्थ आता गुन्हा असा नाही. आणि पोलीस येईपर्यंत उपचार थांबविता येत नाहीत, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवले आहे. तेव्हा नातेवाइकांनी ‘चुकून लागले’ असे खोटे सांगण्याचे कारण राहिलेले नाही. काय घेतले, किती वाजता घेतले, हे खरे खरे कळले तर उपचाराला नेमकी दिशा मिळते. कायदा बदलला, जिभेची सवय बदलायची आहे.

श्रोत्यांपैकी काहींच्या मनात सल्लेखनेचा प्रश्न आला असेल. २०१५ च्या ऑगस्ट महिन्यात राजस्थान उच्च न्यायालयाने ते व्रत आत्महत्येच्या पंक्तीस नेऊन बसविले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली, हे सर्वांस विदित आहे. शांत चित्ताने, गुरूंच्या अनुज्ञेने, आयुष्याच्या अंती घेतलेले व्रत आणि कर्जाने वा अपमानाने घायाळ झालेल्या जिवाची तडफड, या भिन्न गोष्टी आहेत. त्यांची येथे सरमिसळ करू नये.

मात्र शास्त्रातील दुसरी एक गोष्ट या विषयाला थेट भिडते. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी तिसरे अंग निर्विचिकित्सा, म्हणजे रुग्ण, मलिन देहाची घृणा न करणे. त्यासाठी उद्दायन राजाचे उदाहरण पाठशाळेतील मुलेही सांगतात. व्याधिग्रस्त मुनीच्या रूपात आलेल्या देवाने आहार घेऊन राजावरच वमन केले, तेव्हा राजाला किळस आली नाही; आपल्याकडून अयोग्य आहार दिला गेला काय, या विचाराने तो व्याकूळ झाला. पोटातले विष बाहेर काढताना वॉर्डात जे दृश्य असते ते पाहिलेल्यांना या कथेचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. त्याच आठांतील उपगूहन म्हणजे दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर न आणणे, आणि स्थितिकरण म्हणजे ढळलेल्याला पुन्हा स्थिर करणे. रुग्णालयाच्या भाषेत पहिल्याला गोपनीयता म्हणतात, आणि तो २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारी व्यक्तीला दिलेला हक्क आहे. दुसऱ्याचा विचार पुढे येईलच.

जखमेची घृणा जिंकण्याचे धडे घेण्यासाठी अमरावतीकरांना दूर जाण्याचे कारण नाही. कुष्ठरुग्णाची सावलीही लोकांना नकोशी होती त्या काळात डॉ. शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धन यांनी याच शहराच्या कडेला तपोवन उभे केले. ‘हा रोग म्हणजे पापाचे फळ’ असे तेव्हा शहाणीसुरती माणसेही म्हणत. आज कुष्ठरुग्णाला कोणी डॉक्टर तसे म्हणाला तर तो मूर्ख ठरेल. आणि वलगावचे तर भाग्य वेगळेच. २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांना अमरावतीस नेले जात असता येथेच पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. मुंबईला मोठ्या रुग्णालयांत येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांना पाठ टेकायला जागा हवी, ही चिंता वाहून धर्मशाळा उभारणारे ते बाबा. त्यांच्या दहा कलमी संदेशात भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी यांच्या मालिकेत शेवटी दुःखी आणि निराश माणसाला हिंमत देणे हे कलम येते. अन्नछत्रे पुष्कळ निघाली, पाणपोया निघाल्या. या शेवटच्या कलमाची देणगी-पावती मात्र कोणी फारशी फाडलेली दिसत नाही.

हिंमत देण्याने खरोखर काही होते काय, की हे केवळ भाषणापुरते बोलणे? व्यवहारी माणसाला हा प्रश्न पडणे योग्य आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांत उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील रुग्णालयांत एक पाहणी केली: भारतातील चेन्नई, श्रीलंकेतील कोलंबो, ब्राझीलमधील कांपिनास, इराणमधील कराज आणि चीनमधील युनचेंग. स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न करून आणलेले १,८६७ रुग्ण त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार तर मिळालेच. शिवाय घरी जाण्याच्या सुमारास सुमारे तासभर कोणीतरी शांतपणे बसून बोलले, आणि पुढील दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा प्रत्यक्ष भेटून, कसे काय चालले आहे, मदत हवी काय, एवढे विचारले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात आत्महत्येने गेलेल्यांचे प्रमाण २.२ टक्के होते, दुसऱ्यात ०.२ टक्के. महागडे यंत्र नाही, नवे औषध नाही. एक तास आणि नऊ विचारणा.

आपल्या जिल्ह्यातीलही दाखला आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबविण्यात आला, त्यात गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन लोकांशी मनाच्या आजाराविषयी बोलत. पूर्वी नैराश्यग्रस्तांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत. पुढे हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले, अशी नोंद २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात आली. वऱ्हाडातला माणूस मनातले बोलत नाही, ही समजूत त्यामुळे खोटी ठरली. नीट विचारले तर तो बोलतो. फक्त विचारणाऱ्याचा सूर फौजदारी नसावा.

सूर कसा असावा, हे वॉर्डांतूनच शिकता येईल, कारण तेथे चांगली उदाहरणेही आहेत आणि ती कमी नाहीत. टाके घालण्यापूर्वी ‘‘भाऊ, लय दुखत असन तं सांग, थांबतो मी’’ म्हणणारा डॉक्टर असतो. नवी सून जखमी होऊन आलेली असते आणि सासरची मंडळी खाटेला वेढा घालून बसलेली असतात; तेव्हा ‘‘ड्रेसिंग करायचं हाये, सगळे बाहेर जा’’ असे दरडावून, पडदा ओढून, मग हलक्या आवाजात ‘‘बाई, काय झालं?’’ विचारणारी सिस्टर असते. खरी हकीगत त्या पाच मिनिटांत बाहेर पडते. पहाटे तोंड पुसून देणारी एखादी मावशी असते, जी काहीच विचारीत नाही. अशांचा सत्कार कोणी करीत नाही. वास्तविक संस्थांच्या सत्कार समारंभात शालीला याहून योग्य खांदे मिळणे कठीण.

धर्मादाय संस्थांतर्फे महावीर जयंतीला रुग्णालयात फळवाटप होते, ते स्तुत्यच आहे. केळी देऊन, छायाचित्र काढून मंडळी बाहेर पडतात. त्या वेळी या रुग्णांच्या खाटेपाशी छायाचित्र काढू नये, नाव विचारू नये, आणि ‘‘असं काहून केलं?’’ हा प्रश्न तर मुळीच विचारू नये. गावात परतल्यावर कोण दिसले याची वार्ता करू नये. हे न करण्याचे नियम झाले. करण्याजोगे असे, की मंडळातील चार-पाच शांत स्वभावाच्या माणसांनी, त्यांत दोन भगिनी अवश्य असाव्यात, रुग्णालयातील मनोविकार विभागाकडून रीतसर प्रशिक्षण घ्यावे आणि डॉक्टरांच्या संमतीने, रुग्णाची इच्छा असेल तरच, त्याच्यापाशी बसावे. उपदेश करू नये, ऐकावे. स्थितिकरणाचा आरंभ तेथूनच होईल. रात्रपाळीच्या सिस्टरला वॉर्डात एक जास्तीची खुर्ची आणि एक जास्तीचा पडदा मिळाला तरी तिचे काम सोपे होते; हा खर्च एका पंगतीच्या खर्चाहून कमी आहे. रात्री-अपरात्री कोणाला बोलावेसे वाटले तर केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक धर्मशाळेच्या, स्थानकाच्या आणि दुकानांच्या भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी लिहिलेला असावा.

शेवटचे एक काम अगदी लहान आहे. रुग्ण घरी जातो तेव्हा डिस्चार्ज कार्डावर टाके काढण्याची तारीख लिहिलेली असते. मनोविकार विभागात पुन्हा केव्हा यायचे, ही तारीख पुष्कळदा त्यावर नसते, आणि ती मागून घ्यावी हे गोंधळलेल्या नातेवाइकांच्या लक्षात येत नाही. सोबत असलेल्या माणसाने ती मागून घ्यावी, कार्डावर लिहून घ्यावी आणि रुग्णाच्या संमतीने आपल्या डायरीतही टिपून ठेवावी. त्या दिवशी सकाळी त्याच्या घरी जाऊन, ‘‘चल भाऊ, अमरावतीले जाचं हाये ना,’’ एवढे म्हणावे, आणि एस.टी.त त्याच्या शेजारी बसावे.

जय जिनेंद्र.